सरकारी दगड हलत नाही

धरणवाल्यांनी गावातून पाण्याची रेघ नेली, ती वस्तऱ्याच्या घराच्या चार बोटं खालून गेली. चार बोटं म्हणजे हनुवटीपासून नाकापर्यंत. वस्तऱ्यानं ती स्वतःच्या तोंडावर मोजून पाहिली, आणि मग त्याच तोंडानं दुपारपर्यंत शिव्या दिल्या.

वस्तरा हे माणसाचं नाव. गावात केस कापायचं एकच दुकान होतं आणि ते त्याचं होतं. पुढं दुकान, मागं घर. नाव मात्र त्याला हातातल्या वस्तऱ्यावरून पडलेलं नव्हतं, जिभेवरून पडलं होतं. हातातला बोथट होता.

नदी आठ कोस खाली अडवत होते. भिंत होत आली होती. तीन महिन्यांनी दारं लागणार, पाणी मागं चढत येणार आणि चाळीस गावं पोटात घालणार. त्या चाळिसांतलं हे एक. गाव उतारावर, तीन आळ्यांचं. खालच्या आळीत चौदा घरं, मधल्या सपाट आळीत नऊ, वरच्या आळीत अकरा. रेघेखाली तेवीस घरं आली. त्यांची यादी शाळेच्या भिंतीवर लागली. यादीत नाव म्हणजे डांबरी रस्त्यालगतच्या नव्या गावठाणात प्लॉट आणि पक्कं घर. वरच्या अकरा घरांपुढं ‘अबाधित’ असं लिहिलं होतं. म्हणजे तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला सरळ उभा कडा, ना रस्ता, ना शाळा, ना बाजार. पण कोरडे.

त्या अकरा घरांतलं सगळ्यांत खालचं घर वस्तऱ्याचं.

ज्याचं घर बुडतं त्याला रडू येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण सगळ्यांचं बुडतंय आणि आपलं तेवढं बुडत नाही, म्हणून रडणारा माणूस गावानं पहिल्यांदाच पाहिला. वस्तऱ्याचं म्हणणं साधं होतं. गावातली दीडशे डोकी त्याच्या हाताखालून जायची. त्यांतली शंभरावर आता ट्रकमध्ये बसून जाणार. मागं उरणाऱ्यांत सहा टकले होते, आणि एक म्हातारा असा, की ज्यानं भावाशी भांडण मिटेपर्यंत दाढी करायची नाही असं ठरवलं होतं. भाऊ मरून अकरा वर्षं झाली होती.

यात सर्वांत जास्त मजा कुणाला वाटत असेल, तर ती गिरणीवाल्याला. त्याची पिठाची गिरणी वस्तऱ्याच्या दारासमोर, गल्लीच्या पलीकडं, मधल्या आळीचं शेवटचं घर. दोघांचं वीस वर्षांचं वैर. गिरणीचं पीठ उडून वस्तऱ्याच्या आरशावर बसायचं आणि वस्तऱ्याकडचे केस उडून गिरणीच्या पिठात जायचे. दोन्हीकडं गिऱ्हाइकं तक्रार करायची. दोघंही ती जशीच्या तशी समोर पाठवायचे. वस्तऱ्याच्या बापानं याच पिठावर उपाय म्हणून जोतं एका पायरीनं जास्त चढवलं होतं. गिरणीवाल्याकडं वरून बघता यावं, हाही एक हिशोब त्यात होता. त्या एका पायरीनं आता घात केला होता.

“काय म्हणतंय बेट?” गिरणीवाला रोज सकाळी गिरणीचा पट्टा चढवता चढवता विचारायचा. “बगळ्यांची दाढी करायला शीक. फक्त मान लांब असते, जपून.”

“तू जा की बुडायला,” वस्तरा वरून म्हणायचा. “तुझ्या पिठात असाही अर्धा भाग मातीच असतो. पाणी आलं की आयता चिखल.”

“मी बुडणार नाही रे, मी जाणार. बुडेल ते घर. तू नीट राहा. तुझ्या बापानं तुला केवढ्या उंचीवर ठेवलंय!”

एवढ्यात झाडं तोडणारे आले. रेघेखालचं एकही झाड उभं ठेवायचं नाही, असा त्यांना हुकूम होता. पाण्यात झाड कुजलं तर पाणी नासतं. रेघेवरच्या झाडाला हात लावायचा नाही, असाही हुकूम होता, कारण जंगल वाचवायचं होतं. महिनाभर करवती चालल्या. मग डोंगर असा दिसू लागला, की मानेखालचा भाग सगळा गोटा केलाय आणि डोक्यावरचं जसंच्या तसं ठेवलंय. वस्तरा म्हणाला, असं काम मी शिकाऊ असतानासुद्धा कधी केलं नाही. खालचे सगळे पक्षी वरच्या आळीच्या झाडांवर राहायला आले. त्यांची यादी कुठंच लागली नव्हती. एका एका फांदीवर इतकी गर्दी झाली, की पक्षी झोपायच्या आधी भांडायचे आणि उठल्यावर परत भांडायचे. बिळांतले सापही वर सरकले. वस्तऱ्याच्या बायकोला पाणी तापवायच्या भांड्यामागं एक सापडला. तिनं त्याला फुंकणीनं ढकलत दारापर्यंत नेलं आणि सांगितलं, “आमचंच इथं काही खरं नाही. पुढचं घर बघ.”

मग कळलं की ही मोजणी कच्ची होती. पक्की अजून व्हायची आहे.

वस्तऱ्याला जीव आला. तो मोजणीसाहेबांकडं गेला. हा साहेब तरुण होता, छत्रीखाली उभा राहून दुर्बिणीतून पाहायचा. तिकडं लांब पट्टीवाला आकड्यांची उंच पट्टी धरून उभा राहायचा.

“साहेब, घर मोजता कशावरून?”

“शाळेच्या नळापाशी तो दगड आहे ना, वर पितळी बटण बसवलेला? त्याची उंची आमच्याकडं कायमची नोंदलेली आहे. गावातलं प्रत्येक घर त्या दगडावरून मोजायचं.”

“आणि दगड हलला तर?”

मोजणीसाहेबानं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं कुणी विचारावं, उद्या वार संपले तर? “सरकारी दगड हलत नाही,” तो म्हणाला.

वस्तरा घरी आला आणि दोन दिवस विचार करत बसला. विचार करायची सवय नसलेल्या माणसाचं होतं तेच झालं, त्याला लगेच उत्तर सापडलं. सगळी घरं दगडावरून मोजतात. म्हणजे सगळी घरं दगडाला टांगलेली आहेत. मग दगड चार बोटं खाली गेला, की सगळं गाव चार बोटं खाली. तेवीस घरं बुडणारच आहेत, ती जरा जास्त बुडतील. आपलं चोविसावं. कुणाचं काय वाकडं होतंय?

संधी सरकारनंच आणून दिली. बुडणाऱ्या लोकांना धरण दाखवायचं ठरलं. सकाळीच चार ट्रक आले, अख्खं गाव भरून घेऊन गेले. तिथं चहा-बिस्किटं होती आणि एकजण भिंतीचा पाया किती खोल आहे ते सांगणार होता. वस्तऱ्यानं पोट धरलं आणि मागं राहिला. ऊन मी म्हणत होतं. नळापाशी चिटपाखरू नव्हतं, कारण चिटपाखरं सगळी वरच्या आळीत होती. त्यानं पहारीनं दगडाच्या चारी बाजूंची माती काढली, खालची कोरली, आणि मग स्वतः दगडावर चढून उड्या मारल्या. पन्नाशीचा माणूस भर दुपारी सरकारी दगडावर उड्या मारतोय, हे दृश्य पाहायला कुणी नव्हतं याचं त्याला पुढं आयुष्यभर समाधान वाटायला हवं होतं. काम चार बोटांचं होतं. त्यानं वीतभर केलं. केस कापतानाही त्याचं हेच व्हायचं.

माती परत लोटून, खडी पसरून, पहार जागच्या जागी ठेवून तो पोट धरून झोपला. संध्याकाळी बायकोनं त्याच्यासाठी रुमालात बांधून दोन बिस्किटं आणली होती.

“कशी आहे भिंत?” त्यानं विचारलं.

“मोठी आहे. नदी तिच्यासमोर उभी आहे, दार उघडत नाही तशी.”

चार दिवसांनी पक्की मोजणी झाली. नियम असा, की मोजणी एका दगडापासून सुरू करायची आणि दुसऱ्या दगडावर नेऊन जुळवायची. दुसरा दगड जुन्या पुलापाशी, दीड कोसावर. ऊन फार होतं. मोजणीसाहेबानं नियम मनातल्या मनात पुलापर्यंत पाठवला, तो तिकडून सगळं जुळलं म्हणून सांगत आला, आणि साहेब जेवायला गेले.

आठ दिवसांनी पक्की यादी लागली. त्यात चौदा नावं होती.

लोकांनी कागद उलटा करून मागं पाहिलं. मागं डिंक होता. खालची आळी तेवढी बुडत होती. मधल्या आळीची नऊच्या नऊ घरं ‘अबाधित’. गिरणी अबाधित. वस्तऱ्याच्या मेहुण्याचं घर अबाधित. आणि वस्तऱ्याचं घर, जे आधी रेघेच्या चार बोटं वर होतं, ते आता चार बोटं आणि एक वीत वर होतं.

वस्तरा यादीसमोर उभा राहिला तो उभाच राहिला.

गावात त्या दिवसापासून कुणी कुणाशी सरळ बोललं नाही. मधल्या आळीला वाटलं, खालच्या आळीनं साहेबाला काहीतरी चारलं. खालची आळी म्हणाली, आम्ही बुडतोय ते काय लाच देऊन? वरची आळी मजेत हसली. त्यामुळं तिघींतही ठिणगी पडली. एक विहीर होती, तिच्यावर तीन दोऱ्या लागल्या. नदी एव्हाना अडून मागं तुंबायला लागली होती. तिचा खळखळाट बंद झाला. जन्मभर त्या आवाजावर झोपलेल्या म्हाताऱ्यांची झोप गेली. रात्री जागलेले म्हातारे दिवसा भांडायला ताजे असायचे. खालच्या शेतांत पाणी येऊन उभं राहिलं. हिरवं, शेवाळलेलं, कडेला पांढऱ्या पोटाचे मासे. वास थेट शाळेपर्यंत यायचा.

गिरणीवाला आता बगळ्यांबद्दल काही बोलत नव्हता. आता वस्तराच बोलू शकला असता. पण त्याचं तोंड शिवल्यासारखं झालं होतं. गावाला वाटलं, हा आजारी आहे.

त्यातच पट्टीवाला दाढी करायला आला. साहेब दुसऱ्या गावी मोजत होता, ह्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. वस्तऱ्यानं त्याला खुर्चीत बसवलं, दांडा मारून खुर्ची वर केली आणि फेस लावता लावता, काहीच पडलं नसल्यासारखं विचारलं, “ही मधली आळी एकदम वर कशी गेली हो?”

“आळी कुठं जाते? आकडा वर गेला.”

“तेच. कसा?”

“कच्च्या मोजणीत चूक झाली असेल. नाहीतर दगडच खाली गेला म्हणायचं.” पट्टीवाला हसला. “आणि सरकारी दगड काय हलत नाही.”

वस्तऱ्याचा हात थांबला. “एक मिनिट. दगड खाली गेला, तर घरं खाली जायला नकोत?”

“खाली? अहो, वर जातील!”

“कशी काय?”

“तुम्ही विचारताय? तुम्ही? ही खुर्ची आहे ना. आता मी वर आहे. तुमची हनुवटी माझ्या डोळ्यासमोर. खाली करा बघू.”

वस्तऱ्यानं दांडा दाबला. फुस्स करत पट्टीवाला खाली गेला.

“आता बघा, केवढे उंच झालात! तुम्ही वाढलात का? नाही. मी खाली आलो. पण समजा मला कळलंच नाही मी खाली आलोय. कागदावर माझी जागा तीच. मग मी काय लिहीन? न्हावी उंच झाला. दगडाचं तसंच.”

बावीस वर्षं वस्तरा दिवसातून वीस वेळा ती खुर्ची खाली करत होता. बावीस वर्षं दिवसातून वीस वेळा तो उंच झाला होता, आणि एकदाही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“अहो, रक्त!” पट्टीवाला ओरडला.

बोथट वस्तऱ्यानं पट्टीवाल्याच्या हनुवटीवर एक रेघ ओढली होती. तुरटी चोळून, माफी मागून, पैसे न घेता त्याला वाटेला लावला, आणि वस्तरा वळला तर मागच्या दारात बायको उभी. हातात चहाचा कप. कपातला चहा पट्टीवाल्यासाठी आणलेला होता. तो तिनं स्वतः प्यायला सुरुवात केली.

“पोट दुखत होतं ना त्या दिवशी?” ती म्हणाली.

वस्तऱ्यानं हातातला वस्तरा पुसायला घेतला.

“किती खाली?”

“वीतभर.”

“चार बोटं पुरली असती की.”

“मापात राहिलं नाही.”

तिनं कप खाली ठेवला. “लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. तुम्ही तो उचलून दुसऱ्यांच्या पायावर पाडलात, आणि तोही सरकारी. माझ्या भावाचं घर आहे त्या नवांत.”

“मला काय माहीत नाही?”

“मग जाताय सांगायला, की त्यांना इथं बोलावू?”

“ऐक माझं. दारं लागली की पाणी त्यांच्या घरांत येईलच. सरकारला दिसेल. मग घेतील यादीत.”

“घरात पाणी आल्यावर सरकारचा कागद हलायला किती दिवस लागतात? तोवर त्या पोराबाळांनी काय खाटेवर होडी वल्हवायची?” तिनं दाराकडं बोट केलं. “आणि पहिल्यांदा समोर जा. गिरणीवाल्याकडं.”

“त्याच्याकडं पहिल्यांदा?”

“त्याच्याकडंच. तिथून बाहेर पडलात तर बाकीचे सोपे आहेत.”

वस्तरा पायरी उतरून गल्ली ओलांडून गेला. वीस वर्षांत त्यानं गिरणीत पाय ठेवला नव्हता. आत धान्य पडत होतं, पट्टा फडफडत होता, बोललेलं काही ऐकू येत नव्हतं.

“दगड मी खाली दाबला!” वस्तरा म्हणाला.

“काय?”

“दगड! मी दाबला!”

“कुठं दाबलं? दुखतंय काय?”

गिरणीवाल्यानं वैतागून बटण बंद केलं. गिरणी थांबायला आणि वस्तरा तिसऱ्यांदा जीव खाऊन ओरडायला एकच गाठ पडली. “सरकारी दगड मी वीतभर खाली दाबला, म्हणून तुमची नऊ घरं यादीतून गेली!”

हे मधल्या आळीनं ऐकलं, खालच्या आळीनं ऐकलं, आणि वरच्या झाडांवरचे पक्षीसुद्धा दोन क्षण भांडायचे थांबले.

पहिल्यांदा त्याला एकदम सगळ्यांनी धरलं. मग कुणीतरी म्हणालं, असं नको, गोंधळ होतो, ज्याला मिळायचं त्याला मिळत नाही. इतके महिने गावाला याद्यांची सवय लागली होती. तेव्हा यादीतून गेलेल्या नऊ घरांनी, जुन्या यादीच्या क्रमानं, घरटी एक थप्पड मारायची, असं ठरलं. वस्तऱ्याला शाळेच्या ओट्यावर बसवलं आणि रांग लागली. बायको बाजूला उभी होती. ती मध्ये पडली नाही. दोघंजण रांग सोडून पुढं घुसत होते, त्यांना तेवढं तिनं मागं पाठवलं.

पंधरावा आणि सोळावा क्रमांक सुरळीत पार पडला. सतराव्या घराचा कर्ता हिवाळ्यात वारला होता. त्याचे तीन मुलगे आले आणि तिघांनीही हक्क सांगितला. वारसाची नोंद झाली नव्हती. वाद वाढला. शेवटी थोरल्यानं मारायची आणि धाकट्या दोघांनी त्याच्या कोपराला हात लावायचा, असा तोडगा निघाला. विसाव्या घरची आजी म्हणाली, “मेल्या, वाक जरा, माझा हात तिथवर पोचत नाही.” वस्तरा वाकला. आजीनं मारली ती रांगेतली सर्वांत जोराची होती.

मग मेहुणा पुढं आला. तो भला माणूस होता. “दाजी,” तो म्हणाला, “तुम्ही बहिणीचे मालक. तुम्हाला हात लावायचा म्हणजे मला अगदी कसंतरी होतंय.”

“मग राहू दे.”

“नाही नाही. राग मानू नका.” आणि त्यानं बाही वर सारली.

शेवटी गिरणीवाला. त्यानं एक ठेवून दिली. वस्तरा उठायला लागला तर म्हणाला, “बस. ती घराची झाली. ही गिरणीची. मीटर वेगळं आहे.”

दुसऱ्या दिवशी नऊ घरांचे नऊजण वस्तऱ्याला पुढं घालून मोठ्या ऑफिसात गेले. बायकोही होती, न बोलावता. मोठ्या साहेबांच्या टेबलावर काचेच्या पेटीत धरणाची छोटी प्रतिकृती होती. निळ्या रंगाचं पाणी, हिरव्या प्लास्टिकची झाडं, भिंतीवर मुंगीएवढी मोटार. वस्तरा आपलं गाव शोधत होता. गावाच्या जागी स्क्रू होता.

“दगड हलत नाही,” मोठे साहेब म्हणाले.

“मी हलवलाय ना, साहेब.”

“तुम्ही म्हणाल. पण कागदावर हलत नाही.”

मोजणीसाहेब कोपऱ्यात उभा होता. त्याचा चेहरा काचेतल्या पाण्यापेक्षा निळा पडला होता, कारण पुलापर्यंत तो गेलाच नव्हता हे आता उघडं पडत होतं. त्याला तिथूनच पुलाकडं पिटाळलं. दुपारी तो घामाघूम परत आला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, दगड वीतभर खाली आहे.

मोठ्या साहेबांनी पंख्याकडं पाहिलं. “दोन रस्ते आहेत. दगड आपोआप खचला असं म्हणायचं असेल, तर चौकशी बसेल. वर्ष-दीड वर्ष. दारं पाच आठवड्यांत लागतायत. नाहीतर कुणीतरी लिहून द्यायचं की मी हलवला. मग जुनी यादी आजच्या आज लागू.”

“लिहून देतो की,” वस्तरा म्हणाला.

“आधी वाचा.”

कागद बायकोनं वाचला. प्रकल्पात अडथळा आणल्याबद्दल सदर इसमाचं व त्याच्या घराचं नाव या किंवा यापुढच्या कोणत्याही यादीत घेतलं जाणार नाही.

“तसाही मी कुठल्या यादीत होतो?” वस्तरा म्हणाला.

“वरच्या अकरा घरांची पुरवणी यादी निघतेय,” मोठे साहेब म्हणाले. “रस्ता तुटतो म्हणून. पुढच्या आठवड्यात मंजूर होईल. त्यात होता तुम्ही.”

 ज्या यादीसाठी एवढं रामायण झालं, ती आपली आपण चालत येत होती. आठवडाभर हात बांधून बसला असता तर पुरलं असतं. वस्तऱ्यानं पेन खाली ठेवलं.

 मेहुणा बुटांकडं बघत होता. मग गिरणीवाला बाकीच्यांकडं वळून म्हणाला, “चला रे. हा सही करत नाही. याच्या बापानं याला एक पायरी वर चढवून ठेवलाय, उतरता येत नाही बिचाऱ्याला.”

वस्तऱ्याचे कान लाल झाले. ते कालचेच लाल होते, पण आता आणखी झाले.

“ऐक,” तो गिरणीवाल्याला म्हणाला. “पुरवणी यादीत गेलो, तर त्या नव्या गावठाणात परत तूच समोर असशील. आणि नाही केली सही, तर इथं तू चौकशी होईपर्यंत गुडघाभर पाण्यात उभा राहून माझ्या दाराकडं बघत बसशील. सकाळी उठलं की तुझं थोबाड. तुला डोळ्यांसमोरून घालवायचा हा एकच रस्ता आहे.” आणि त्यानं अशी सही केली, की कागद खालच्या कागदापर्यंत फाटला.

“साक्षीदार लागेल,” मोठे साहेब म्हणाले.

“मी होतो,” गिरणीवाला म्हणाला आणि वस्तऱ्याच्या हातातून पेन हिसकावून घेतलं.

जुनी यादी लागली. पुढच्या आठवड्यात दहा घरांची पुरवणी लागली. मग महिनाभर गाव सुटं होत राहिलं. दारं निघाली, चौकटी निघाल्या, कौलं उतरली, चुलींचे दगड उघडे पडले. वस्तऱ्याच्या दुकानात या महिन्यात एकही गिऱ्हाईक आलं नाही. माणसं केस वाढवून निघून गेली, पण त्याच्या खुर्चीत बसली नाहीत. दाढीवाला म्हातारा तेवढा येऊन बसला आणि म्हणाला, नव्या गावात नवं तोंड घेऊन जातो. त्यालाही वस्तऱ्यानं दोन ठिकाणी कापलं.

शेवटच्या दिवशी सहा ट्रक होते. गिरणीवाल्यानं गिरणीची अवजड दगडी चाकं चढवायला आठ माणसं लावली. एक माणूस कमी पडत होता. वस्तरा दारात हाताची घडी घालून बघत राहिला.

“हात लाव की, धरणासारखा काय उभा राहिलायस!” गिरणीवाला ओरडला.

“लावला होता. तुला आवडलं नाही.”

वस्तऱ्याची बायको भावाच्या ट्रकमध्ये बसली होती, लोखंडी पेटीवर. हे आदल्या दिवशीच ठरलं होतं. भाऊ म्हणाला होता, ताई, तुझं नाव कुठं काळ्या यादीत आहे? चल. ती हो म्हणाली होती. वस्तऱ्याला तिनं सांगितलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, “जा. इथं तुझी कटकट तरी नको.” आणि ती म्हणाली होती, “तुम्हाला तेवढंच हवंय.”

ट्रक एकामागून एक निघाले. धुरळा उठला. खालची आळी आता दिसत नव्हती. तिथं नुसतं पाणी होतं आणि पाण्यावर काटक्या, पिसं, कुणाची तरी उलटी चप्पल. वस्तरा आत जायला वळला. सगळं शांत होईल असं त्याला वाटलं होतं. पण वर झाडांवर पक्ष्यांचा नुसता कालवा चालला होता.

शाळेच्या वळणावर शेवटचा ट्रक थांबला. मागची फळी पडल्याचा आवाज आला. मग बायकोचा आवाज, “ए, नीट! आपटू नका, कुलूप नवं आहे.”

वस्तरा वळणापर्यंत गेला. पेटी रस्त्यात होती, बायको पेटीशेजारी, आणि मेहुणा ट्रकमधून वाकून हात जोडत होता. “ताई, असं काय करतेस? काय विसरलं असेल ते सांग, मी आणून देतो.”

“काही विसरलं नाही रे. तू नीघ. पोरांना सांभाळ.” मग ती नवऱ्याकडं वळली. “आठवडाभर मी डोळे मिटले की मला तुम्ही दिसताय. खुर्चीत पाय पसरून बसलेले. समोर गिरणीवाला नाही, बाजूला मी नाही, कुणी टोकणारं नाही. मजेत. एवढं सगळं केल्यावर तुम्हाला एकट्याला सुखानं राहू देईन, असं वाटलं की काय तुम्हाला?”

“मी कुठं सुखात राहणार होतो?”

“चेहरा बघितला मी ट्रकमधून. राहणार होता.”

ट्रक गेला. धुरळा दोघांच्याही अंगावर बसला. वस्तऱ्यानं पेटीची एक कडी धरली, बायकोनं दुसरी. घर चढावर होतं.

“उचला की नीट,” ती म्हणाली. “सगळं वजन माझ्याकडं येतंय.”

“तू मागं आहेस. चढावर मागच्याकडंच वजन येतं.”

तिनं पेटी खाली टेकवली, पदरानं तोंड पुसलं आणि त्याला एकवार खालपासून वरपर्यंत बघितलं. “वर-खाली काय होतं हे तुम्ही मला शिकवू नका,” ती म्हणाली. “या मागं.”

तो मागं गेला.